घुमटीपाशी दोन मिनिटं

न थांबणारा : दर वेळी तेच, सर. सैफुल मागे पडतं, सोरेगावचा एसआरपी कॅम्प जातो, सीनेवरचा वडकबाळचा पूल ओलांडून गाडी जरा वेगाला लागते, की तुमचा हात डॅशबोर्डवर येतो. "अप्पा, जरा डावीकडे घ्या." कशाला, तर घुमटी आली. घुमटी तरी कसली? तीन शहाबादी फरश्या उभ्या, चौथी वर आडवी, उंची गुडघ्याएवढी. आत शेंदूर फासलेला दगड. तो म्हसोबा, मारुती, की कोणी मैलाचा दगड उलटा पुरलाय, ते तुम्हालाही सांगता येत नाही. बरं, मी देव न मानणारा माणूस नाही. माझ्या गळ्यात इष्टलिंग आहे, त्याची पूजा झाल्याशिवाय मी चहाला तोंड लावत नाही. तुम्ही मात्र घरच्या सत्यनारायणालाही व्हरांड्यात पेपर वाचत बसता. न मानणाऱ्याने थांबा म्हणायचं आणि मानणाऱ्याने चला म्हणायचं, हा कुठला उलटा कारभार? शिवाय चार पदरी रस्त्याच्या साइडपट्टीवर गाडी उभी करणं म्हणजे काय, हे मला विचारा. माझं आयुष्य रस्त्याच्या कामावर गेलं. उभ्या ट्रॉलीला मागून धडकलेल्या मोटारी मी पाहिल्यात. तुमची दोन मिनिटं आणि मागच्याची एक डुलकी, एवढंच पुरतं. जुळ्या सोलापुरातून निघताना तुम्ही म्हणालात कुडलला जाऊ, संगम बघू. मग कुडलला जाऊ या की. मधेच हे काय?

थांबणारा : मधलंच बघायचं असतं मला, अप्पा. कुडल तर नकाशावर आहे, पाटी आहे, पुस्तकांत आहे. याच सोलापूर-विजापूर मार्गाचं चौपदरीकरण चालू होतं तेव्हा, फेब्रुवारी २०२१ मध्ये, एका लेनचं साडेपंचवीस किलोमीटर डांबरीकरण अठरा तासांत उरकलं. गडकरींनी स्वतः ते जाहीर केलं. तुम्हीच तेव्हा मला फोन करून सांगितलं होतं आणि तुमचा आवाज भरून आला होता. मलाही कौतुक वाटलं. पण अठरा तासांत झालेल्या रस्त्यावर माणसाच्या हाताएवढं काही उरत नाही. बोर्ड वीस फुटांवर, अक्षरं हातभर, पूल खांबांवर. सगळं ताशी शंभरच्या डोळ्यांसाठी मांडलेलं. त्या अख्ख्या वाटेत वाकून बघावी लागते अशी वस्तू एकच, ही घुमटी.

एका खेपेला आत काय होतं ते सांगतो, कारण तुम्ही गाडीतून उतरला नव्हता. दगडाच्या डाव्या अंगाला तेलाचा काळा ओघळ, बोटभर जाड, वर्षानुवर्षांचा. तेल होतं बिअरच्या बाटलीत, बुचाला खिळ्याने भोक पाडलेलं, म्हणजे धार बारीक पडावी. दोन हिरव्या बांगड्या. एक नंदी, भाजलेल्या मातीचा, शिंग मोडलेला. मोडलेलं शिंग कोणी टाकून दिलं नव्हतं, त्याच्या पुढ्यातच ठेवलं होतं. एका ट्रकच्या चाकाचा नट, शेंदूर लावलेला. आणि मूठभर हुरडा, करंजीएवढ्या द्रोणात. जानेवारी होता, कोणाच्या तरी शेतातला पहिला असणार. या वस्तू ठेवणारी माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. एक मराठीत बोलत असेल, एक कन्नडात, केए २८ पाटीचा एखादा विजापूरचा ड्रायव्हर असेल. त्यांची बैठक झाली नाही, समिती झाली नाही. तरी त्या वीतभर जागेत कोणाचं काही दुसऱ्याच्या अंगावर आलेलं नव्हतं. मी ते बघायला थांबतो. देव तिथे असलाच तर त्याची माझी ओळख नाही.

न थांबणारा : आज समिती नाही. घुमटी म्हणजे देवळाची अळी असते, सर. तुम्ही तिच्यावर पुरवणीतला लेख लिहू शकता, पण ती अळीच राहत नाही. मी क्रम सांगतो, पाठ आहे मला. आधी फरश्या. मग कोणाचा तरी नवस फिटतो आणि वर पत्रा येतो. पत्र्याला आधार म्हणून चार अँगल, अँगलना धरून वीटकाम. मग टाइल्स, न्हाणीघरातल्या उरलेल्या, निळ्या डॉल्फिनच्या सुद्धा. मग ग्रिल, कारण पितळी घंटा चोरीला जाते. ग्रिल आलं की कुलूप, कुलूप आलं की किल्ली, आणि किल्ली आली की मालक. तिथून पुढे दानपेटी, देणगीदारांची संगमरवरी पाटी, तिच्यावर भावी नगरसेवक, आणि दरवर्षी वर्धापनदिनाचा मांडव रस्त्यात. सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २००९ ला हुकूम काढला की रस्त्यात, बागेत, सार्वजनिक जागेत यापुढे देवाच्या नावाने बेकायदा बांधकाम होऊ द्यायचं नाही, कुठल्याही धर्माचं. जुनी असतील त्यांचा एकेक प्रकरण तपासून निकाल लावा. मग आपल्या राज्यात याद्या झाल्या: काही नियमित करायची, काही हलवायची, काही पाडायची. कुठली पडली आणि कुठली नियमित झाली ते बघा एकदा. किल्ली ज्यांच्याकडे होती ती बहुतेक टिकली. पडल्या त्या तुमच्या गुडघ्याएवढ्या, बिनमालकीच्या.

आणि लांब कशाला जाता? आपल्या जुळ्या सोलापुरातच बघा. शेतं मोडून प्लॉट पडले, सोसायट्या झाल्या, प्रत्येक लेआउटमध्ये ओपन स्पेस सोडलेली. मुलांना खेळायला म्हणून. आज त्यातल्या कितीतरी ठिकाणी आधी देव आला, मग देवाला ओटा, ओट्याला मंडप. पोरं खेळतात रस्त्यावर. सुरुवात कशी झाली विचाराल तर सगळे सांगतात, "काही नाही हो, छोटीशीच होती."

थांबणारा : छोटीशीच होती, हे वाक्य मीही ऐकलंय. तुमचं म्हणणं मी मान्यच करतो, म्हणून तर मला लहान असतानाचीच भेटायची असते. पण वाढ अटळ आहे हे मात्र पटत नाही. तुमच्याच सिद्धरामेश्वरांचं घ्या. बाराव्या शतकातला माणूस, सोन्नलिगे गावचा, म्हणजे आपल्या सोलापूरचा. त्याने या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं मांडली. आज त्यातली काही देवळांत आहेत, काही घरांच्या आडोशाला आहेत, काही कडेला अशी की स्कूटर लावणाऱ्यालाही दिसत नाहीत. आठशे वर्षांत सगळ्यांची देवळं झाली नाहीत. का झाली नाहीत?

मला वाटतं त्याचं कारण सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत आहे. संक्रांतीच्या सुमारास यण्णीमज्जन. हिरेहब्बूंच्या वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, बाराबंदी घातलेली माणसं ते तोलत चालतात, आणि अडुसष्ट लिंगांना तेल लावून येतात. म्हणजे या गावाने थांबण्याला वार लावून दिला आहे. वर्षातून एक दिवस सगळं गाव सगळ्या लहान देवांपाशी थांबणार. मोठ्याशी थांबलात तितकंच कोपऱ्यातल्याशी. नवसाला पावतो म्हणून नाही, यादीत आहे म्हणून. नवसाने देऊळ वाढतं, अप्पा. यादीने वाढत नाही. कोजागरीला तुळजापूरच्या रस्त्याचंही तसंच. पंचेचाळीस किलोमीटर पायी जाणाऱ्यांसाठी गाड्या वळवतात की नाही? तेव्हा हायवेचं काही बिघडत नाही. थांबायचं कसं हे आपल्या गावाला माहीत होतं. आपण एकेकटे मोटारीत बसलो आणि विसरलो.

न थांबणारा : सिद्धरामेश्वरांचं नाव काढलंत ते बरं केलंत, कारण आता तुम्ही माझ्या अंगणात आलात. तुम्ही अर्धी गोष्ट सांगितलीत. पुढची मी सांगतो, ती आमच्याकडे लहानपणापासून ऐकवतात, 'शून्यसंपादने'त आहे. सिद्धराम तळं खोदत होते, देवळं बांधत होते, हजारो माणसं कामावर. तिथे अल्लमप्रभू आले. त्यांनी या एवढ्या मोठ्या योग्याला हाक कशी मारली? दगडमाती उपसणारा म्हणून. बेलदार, खणत्या, अशा अर्थाने. कामावरची माणसं भडकली, दगड मारायला धावली. सिद्धरामांनाही राग आला. मग वाद झाला, आणि त्या वादात अल्लमांनी जे विचारलं त्याचा मतितार्थ एवढाच की बाहेर इतकं मांडून ठेवलंस, आत काय मांडलंस? शेवटी सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला निघून गेले. बसवण्णांच्या अनुभवमंटपात बसले, पुढे शून्यसिंहासनावर बसले.

आमच्या घराण्याची शिकवण त्या पुढच्या अर्ध्यातून येते. स्थावर पडतं, जंगम चालत राहतं. म्हणून लिंग गळ्यात. तुम्हाला विचित्र वाटेल, पण माझा देव मी सीट बेल्टच्या आत बांधून नेतो. त्याला भेटायला मला गाडी बाजूला घ्यावी लागत नाही. रस्त्याकडेच्या प्रत्येक दगडापाशी थांबायचं असेल तर सिद्धराम कल्याणला गेले कशाला?

थांबणारा : गेले. पण जाताना अडुसष्ट लिंगं फोडून गेले नाहीत. तळंही बुजवलं नाही. आज सोलापुरात अल्लमांचा वाद किती जणांना माहीत आहे? तळं सगळ्यांना माहीत आहे. आणि त्यांच्या लहानपणची गोष्ट त्याहून जास्त. शेतात राखण करणाऱ्या पोराकडे एक जंगम येतो, हुरडा मागतो. पोरगा देतो. मग तो म्हणतो, पोटात आग पडली, दहीभात आण. पोरगा घरी धावतो, घेऊन येतो, तर जंगम नाही. तो श्रीशैलाचा मल्लय्या होता. मग पोरगा त्याला हाका मारत श्रीशैलाच्या वाटेला लागतो. या गोष्टीत आधी वाटेवर थांबणारा कोण आहे? देव आहे, अप्पा. देव शेताच्या कडेला थांबला आणि हुरडा मागितला. त्या घुमटीतला मूठभर हुरडा बघून मला हेच आठवलं होतं.

आणि एक विचारू? तुम्ही आयुष्यभर मुरूम टाकला, खडी पसरली, रोलर फिरवला. अल्लम तुमच्या कामावर आले असते तर तुम्हाला काय म्हणून हाक मारली असती?

न थांबणारा : तीच. आणि मी दगड मारायला धावलो असतो, हेही खरं.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. एका रस्त्याच्या रुंदीकरणात अशीच एक घुमटी आड आली. कुठल्या रस्त्यावर, ते सोडा. ठेकेदाराचे लोक हात लावेनात. जेसीबीवाला चावी काढून झाडाखाली जाऊन बसला. गावातले दोघे-तिघे आले, त्यांनी नारळ फोडला, दहीभात ओवाळला, पण दगड उचलायला तेही पुढे होईनात. शेवटी मी उचलला. इष्टलिंगधारी माणूस, मला त्या दगडाचं भय नव्हतं. वजन असेल वीस-बावीस किलो. टॉवेलात गुंडाळून जीपमध्ये मांडीवर घेतला, कारण मागच्या हौद्यात आदळला असता. तेलाने माझी पँट गेली ती गेलीच. तीसेक फूट बाहेरच्या अंगाला, नव्या रस्त्याच्या हद्दीपलीकडे, चांगला सिमेंटचा चौथरा करून घेतला होता. त्यावर बसवला. पूजा झाली, सगळे खूश.

महिन्याने पाहणीला गेलो. चौथऱ्यावर एक उदबत्तीची काडी. आणि नव्या रस्त्यावर, जुनी घुमटी जिथे होती बरोबर त्या ठिकाणी, जिथे आता डिव्हायडर आला होता, तिथे नाणी. रुपये, दोनाची, पाचाची. जुने ट्रकवाले जाता जाता खिडकीतून टाकत होते. त्यांनी दगड कधी पाहिलाच नव्हता, सर. त्यांना माहीत होतं ते वळण, मोरी, आणि मोरीनंतरचं लिंबाचं झाड. झाडही आम्ही तोडलं होतं. तरी नाणी अचूक तिथेच. मी बराच वेळ तिथे उभा होतो.

(दोघांपैकी एकाच्या तोंडची वाक्यं मी स्वतः गाडीत बसून कितीदा तरी बोललो आहे. कोणाच्या, ते लिहीत नाही. पण नाण्यांची ही हकीकत लिहिताना माझा हात थोडा अडखळला, कारण ती ज्या बाजूने सांगितली गेली त्या बाजूची राहीना.)

थांबणारा : मग तुम्हीच सांगितलंत की मी का थांबतो! तुम्ही दगड हलवलात, जागा हलली नाही. बोरघाटात जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, ती एका धनगराने दाखवली, आणि वाट मिळाल्यावर त्यालाच मारलं, अशी कथा सांगतात. कागदोपत्री पुरावा मागू नका. पण घाट चढणारे ड्रायव्हर पिढ्यान्‌पिढ्या तिथे नाणं टाकत आले आहेत. रस्ता कोणाच्या तरी पायाने आधी चाललेला असतो, फुकट मिळालेला नसतो, एवढं त्या नाण्यात कबूल केलेलं आहे. तुमच्या विक्रमी डांबरीकरणात ही कबुली कुठे आहे? गोव्यात वळणावळणावर खुरीस दिसतो, पांढरा, हातभर चौथऱ्यावर. संध्याकाळी कोणीतरी मेणबत्ती लावून जातं. वर्षातून एकदा वाड्यावरचे लोक तिथे जमून लादाईन म्हणतात. मोठं चर्च गावात असतंच. तरी खुरीस लागतो, कारण चर्च गावाचं आणि खुरीस वाटेचा.

न थांबणारा : सर, तुम्ही नाण्यांवर भाळलात. मी पुढचं सांगितलंच नाही. डिव्हायडरवरची ती नाणी वेचायला शेजारच्या वस्तीतली पोरं येत होती. दोन लेन धावत ओलांडून. सात-आठ वर्षांची. मी बराच वेळ उभा राहिलो तो भक्तीने नाही, त्या पोरांना हाकलत होतो. नंतर तिथे जाळी ठोकायला लावली.

आणि घुमट्या कुठे उगवतात याचा विचार केलाय कधी? सपाट सरळ रस्त्यावर फार नाहीत. वळणावर, अरुंद मोरीपाशी, उतार संपतो तिथे. कोणी तरी तिथे गेलेलं असतं. मोटरसायकल घसरते, जीप उलटते, घरचे लोक येऊन दगडाला शेंदूर लावतात, की बाबा पुढच्याला सांभाळ. आम्हा कामावरच्या लोकांसाठी ती घुमटी म्हणजे निकालपत्र असायला हवं. इथे वळणाला बाहेरच्या अंगाने पुरेशी चढण दिलेली नाही, इथे समोरचं दिसत नाही, इथे पाणी साचतं. तिथे जाऊन टेप लावून मोजायला पाहिजे. त्याऐवजी आपण हात जोडतो, नाणं टाकतो आणि वळण आहे तसंच राहतं. शंकर सांभाळतो म्हणून बांधकाम खातं झोपतं. मी हे माझ्याच लोकांबद्दल बोलतोय. तुमच्या त्या सुंदर, बिनमालकीच्या घुमटीने कितीतरी इंजिनियरांना स्वस्तात सोडवलंय.

थांबणारा : हे मला लागलं. याला उत्तर आहे असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की घुमटी नसती तरी वळण तसंच राहिलं असतं, आणि इथे कोणी गेलं होतं हेही पुसलं गेलं असतं. अपघाताचा पंचनामा फायलीत जातो. रस्त्यावर त्याची खूण राहते ती हीच. तुम्ही म्हणता निकालपत्र, तर निकालपत्र वाचायला कोणी तरी थांबायला नको का? ताशी शंभरने ते वाचता येत नाही.

आता माझीही एक गोष्ट ऐका, म्हणजे तुमची फिटंफाट होईल. त्या घुमटीपाशी एक म्हातारी असायची, शेजारच्या रानातली. बाटलीत तेल तीच भरायची. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या हातावर पाचशेची नोट ठेवली. तेलाला म्हणून. देव मानत नाही, पण ती बारीक धार बंद पडू नये असं वाटलं. तिने ती नोट दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि पदरात बांधली. पुढच्या खेपेला गेलो तर घुमटीच्या पुढे दोन फूट सिमेंटचा कोबा, आणि त्यात पांढऱ्या चार टाइल्स. म्हातारीचा पुतण्या होता तिथे. मोठ्या आनंदाने म्हणाला, "मालक, तुमच्या पैशातून सुरुवात केली. आता वर शेड घ्यायचा विचार आहे." पाचशे रुपयांत चार टाइल्स. तुमची अळी, अप्पा. तिला मीच खाऊ घातलं.

न थांबणारा : हे तुम्ही मला दोन वर्षं सांगितलं नाहीत.

थांबणारा : तुम्ही पँट गेल्याचं किती वर्षांनी सांगितलंत? त्या दिवसापासून मला कुडल वेगळं दिसायला लागलं. भीमा-सीनेच्या संगमावरची ती दोन देवळं. हरिहरेश्वराचं तर मातीखाली गाडलं गेलेलं. १९९९ च्या सुमारास उकरलं तेव्हा ते बहुमुखी लिंग निघालं, एका लिंगावर तीनशे एकोणसाठ मुखलिंगं कोरलेली. इतकी शतकं शाबूत. आणि संगमेश्वराच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा, मराठीतला लेख. आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो जगापुढे आणला. जो वाचील तो विजयी होईल, असा त्याचा आशय. हजार वर्षं तो तिथे वाचणाऱ्याची वाट बघत होता. त्या तुळईखालून इतकी माणसं गेली, कोणी वर पाहिलं नाही म्हणून तुळई वाचली. एखाद्या भक्ताने हौसेने तिच्यावर ऑइलपेंट मारला असता तर? आपल्याकडे किती देवळांत मारलाय! दुर्लक्षाने जपलेल्या गोष्टी आहेत या.

न थांबणारा : सर, आता तुम्ही स्वतःच स्वतःला कोपऱ्यात घेतलंत. दुर्लक्षाने जपलं जातं, आणि तुमच्या पाचशे रुपयांनी टाइल्स येतात. मग त्या घुमटीवर तुमचं खरंच प्रेम असेल तर तिच्यापुढून न थांबता जाणं हीच तिची सेवा. म्हणजे आजवर मी करत आलो तीच! तुमच्या हिशेबाने या गाडीत भक्त मी आहे.

थांबणारा : तसं झालं खरं. पण कुडलची तुळई काळ्या पाषाणाची आहे. ही घुमटी चार शहाबादी फरश्यांची. तुम्ही थांबला नाहीत, मी थांबलो नाही, म्हातारी गेली, की एका पावसात फरशी सरकेल. गवत काढायला आलेला ग्रेडर ती ढकलून खड्ड्यात टाकेल आणि ड्रायव्हरला कळणारही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना वडकबाळच्या पुलाला लागली, वाहतूक बंद ठेवावी लागली, तेव्हा मला तुमच्या पुलाची काळजी वाटली नाही. पुलासाठी अधिकारी होते, पोलीस होते, बातम्या होत्या. मला त्या मातीच्या नंदीची वाटली. हजार वर्षं टिकायला दगड लागतो. हिला रोज कोणाचा तरी हात लागतो, आणि तोच हात उद्या पत्रा घालतो. हे कसं सोडवायचं सांगा.

न थांबणारा : यादीने, म्हणालात ना मघाशी? वर्षातून एक दिवस.

थांबणारा : यादी करायला गाव लागतं. हिरेहब्बूंचा वाडा लागतो, मानकरी लागतात, आठशे वर्षं लागतात. हायवेला गाव कुठे आहे? आणि जुळ्या सोलापुरात आपण सगळे दुसरीकडून आलेलो. तुम्ही मंगळवेढ्याकडचे, मी बार्शीचा, समोरचे तेलंगणातून आलेले. आपल्या मालकीची एकही जुनी खूण नाही, म्हणून तर ओपन स्पेसमध्ये घाईघाईने बांधतात. मला त्यांची चीड येते, पण थोडं कळतंही. प्रत्येकाला एक एकोणसत्तरावं लिंग हवं असतं.

न थांबणारा : चीड येऊ द्या, ती बरी. कळायला लागलं की माणूस देणगी देतो. तुम्ही दिलीतच!

माझी अडचण आता वेगळीच झाली आहे. बोलणं सुरू झालं तेव्हा मला वाटत होतं की तुम्ही भाबडे आणि मी शहाणा. आता बघतो तर तुम्ही थांबून टाइल्स आणल्यात आणि मी न थांबता डिव्हायडरवर पोरं आणली. दगड मीच हलवला होता ना? तो तिथेच राहू दिला असता, रस्ता चार फूट वळवला असता, तर नाणी कडेला पडली असती. नकाशात ते बसत होतं. मी तेव्हा सुचवलंही नाही, कारण देवासाठी रस्ता वाकवायचा नाही असं माझं तत्त्व होतं. अजूनही आहे. पण ती पोरं आठवली की तत्त्वाला मधे एक जाळी दिसते.

थांबणारा : मग या रविवारी?

न थांबणारा : कुडलला जायचंच आहे. वडकबाळ ओलांडलं की मी इंडिकेटर लावतो. गाडी मोरीच्या अलीकडे, पूर्ण मातीवर घेणार, पांढऱ्या पट्टीच्या आत चाक नको. पार्किंग लाइट चालू. तुम्ही उतरा, बघा काय बघायचं ते. मी टेप घेऊन येतो, त्या वळणाची रुंदी मला एकदा मोजायची आहे. पाकीट मात्र घरी ठेवा. सुटेसुद्धा नकोत.

थांबणारा : आणि तेल? म्हातारी हल्ली दिसत नाही, अप्पा. मागच्या वेळी बाटली रिकामी होती.

न थांबणारा : तेलाचं मला ठरवू द्या. वडकबाळपर्यंत वेळ आहे.